ठसे तर घरातल्याच माणसांचे

१९५७ च्या मे महिन्यातली गोष्ट. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात एका घरातली बाई रात्री न्हाणीघरातल्या टबमध्ये मेलेली सापडली. नवऱ्याचं म्हणणं असं: ती आंघोळीला गेली, माझा डोळा लागला, जाग आली तेव्हा ती पाण्याखाली होती. उचलायला गेलो, जमलं नाही, म्हणून बूच काढून पाणी सोडून दिलं आणि तिथेच तिला कृत्रिम श्वास देत राहिलो. आंघोळ करताना चक्कर येऊन कुणी बुडालं, तर घरचा माणूस साधारण असंच सांगेल. अविश्वास दाखवावा असं त्यात काही नव्हतं.

पण तिथे आलेल्यांच्या नजरेत दोन-तीन गोष्टी आल्या. भरल्या टबातून बायकोला उचलायचा प्रयत्न केलेल्या नवऱ्याचे कपडे कोरडे होते. न्हाणीघरात पाणी उडाल्याची खूण नव्हती. आणि तिच्या वाकलेल्या कोपरांच्या खळगीत थोडं थोडं पाणी अजून साचलेलं होतं. छाती दाबून कुणी तिला श्वास द्यायची खटपट केली असती, तर ते पाणी तिथे टिकलं नसतं. शिवाय तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या कमालीच्या विस्फारलेल्या होत्या.

पुढे भिंगाखाली त्वचेचा इंच न् इंच तपासल्यावर दोन्ही नितंबांवर मिळून सुया टोचल्याच्या चार खुणा सापडल्या. नवरा, केनेथ बार्लो, परिचारक होता आणि इन्सुलिनची इंजेक्शनं देणं हे त्याचं रोजचं काम. मृतदेहातलं इन्सुलिन शोधायची सोय तोवर कुठेच नव्हती. म्हणून संशोधकांनी त्या खुणांभोवतीच्या मांसाचा अर्क काढून तो उंदरांना टोचला. उंदीर अगदी इन्सुलिन दिल्यासारखे थरथरले, बेशुद्ध पडले, मेले. शरीराच्या दुसऱ्या भागातल्या मांसाच्या अर्काने तसं काही झालं नाही. वर्ष संपायच्या आत बार्लोला जन्मठेप झाली. इन्सुलिन टोचून केलेला खून सिद्ध होण्याची ही पहिली नोंदलेली वेळ.

हा खटला सांगितला जातो तो इन्सुलिनसाठी. मला त्यातलं कोपराच्या खळगीतलं पाणी जास्त मोलाचं वाटतं. उंदरांपर्यंत गोष्ट गेली ती त्या पाण्यामुळे. घरातल्या माणसाने घरातल्याच माणसावर केलेल्या हिंसेचा तपास कसा होतो, हे समजून घ्यायचं तर तिथूनच सुरुवात केलेली बरी.

रस्त्यावर खून झाला तर पोलिसांपुढे पहिला प्रश्न असतो: इथे कोण आलं होतं? बोटांचे ठसे, केस, डीएनए, मोबाइलचं लोकेशन, सीसीटीव्ही ही सगळी साधनं त्याच एका प्रश्नाचं उत्तर देतात. घरात तो प्रश्नच उरत नाही. नवऱ्याचे ठसे कपाटावर असणारच. आईचा केस बाळाच्या दुपट्यावर असणारच. एका घरात राहणाऱ्यांच्या नखांखालीसुद्धा एकमेकांचा डीएनए सापडू शकतो, त्यासाठी झटापटच झालेली असायला हवी असं नाही. फोनचं लोकेशन दाखवतं की तो घरी होता. बरं, मग? राहतोच तो तिथे. गुन्हा शोधण्याच्या शास्त्रातली निम्मी हत्यारं उंबऱ्यापाशीच बोथट होतात.

आणि हे प्रकार विरळा नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ साली जगभरात सुमारे ८५,००० स्त्रिया आणि मुलींचे खून झाले. त्यांतल्या ५१,१०० जणींना मारणारा त्यांचा जोडीदार होता किंवा घरातलंच कुणीतरी. दिवसाला सरासरी १४०. खून झालेल्या पुरुषांमध्ये हे प्रमाण बारा टक्क्यांच्या आसपास राहतं.

तेव्हा घरातल्या तपासात ‘इथे कोण होतं’ याची जागा दुसरा प्रश्न घेतो: जे सांगितलं जातंय ते शरीराशी, खोलीशी आणि घड्याळाशी जुळतंय का? पंचनामा, शवविच्छेदन, जबाब हे सगळं नेहमीचंच, फक्त रोख बदलतो. म्हणून अनुभवी तपास अधिकारी घरातल्या पहिल्या जबाबात उलटतपासणीच्या भानगडीत पडत नाही. सांगणाऱ्याला सविस्तर सांगू देतो. दिवा लागलेला होता का, दार कुणी उघडलं, आधी कुणाला फोन केला, ती कुठल्या कुशीवर होती. त्या वेळी या तपशिलांना काही अर्थ नसतो. अर्थ येतो तो प्रयोगशाळेचे अहवाल हातात पडल्यावर, आणि तोवर जबाब बदलायची सोय राहिलेली नसते.

बनाव

खून करून तो आत्महत्या, अपघात किंवा चोरी वाटावी अशी मांडामांड करणं याला पोलिसी मराठीत ‘बनाव’ म्हणतात. शब्द अगदी नेमका आहे. अनोळखी मारेकरी बहुधा बनाव करत बसत नाही, तो पळतो. बनावाची गरज असते ती ज्याच्यावर पहिला संशय येणार त्याला, आणि घरात एकांत आणि वेळ दोन्ही त्याच्या हातात असतं.

सगळ्यात जास्त वेळा पुढे येणारा प्रश्न गळफासाचा. माणसाने स्वतः फास घेतला, की आधी गळा आवळून मारलं आणि मग टांगलं? टांगून घेतल्यावर शरीराचं वजन खाली ओढत असतं, म्हणून दोरीचा व्रण गळ्यात वरच्या बाजूला, हनुवटीजवळ असतो, तिरपा होत गाठीकडे चढत जातो आणि गाठीपाशी सहसा तुटतो. मागून दोरीने आवळलं असेल तर तो खाली, आडवा आणि गळ्याभोवती जवळजवळ पूर्ण फिरलेला असतो. लटकलेल्याच्या तोंडातून ओघळलेली लाळ हीसुद्धा जिवंतपणी फास लागल्याची खूण मानतात, कारण मेलेल्या शरीरात लाळ सुटत नाही. डोळ्यांच्या पांढऱ्या भागात टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसले, तर मान किंवा छाती दाबली गेल्याची शंका येते. गळ्यातलं हायॉइड नावाचं नाजूक हाड मोडलेलं असेल तर शंका वाढते. पण ते मोडलेलं नाही म्हणजे गळा दाबलाच नाही, असं मात्र होत नाही. तरुण वयात ते लवचिक असतं, गळा दाबूनही शाबूत राहू शकतं. ‘हाड शाबूत, म्हणजे आत्महत्या’ एवढ्यावर फाइल बंद होऊ नये ती यासाठी.

आणखी एक साक्षीदार असतो आणि तो खोटं बोलू शकत नाही: रक्ताचं खाली साचणं. हृदय थांबलं की रक्त गुरुत्वाकर्षणाने शरीराच्या खालच्या बाजूला उतरतं आणि तिथे जांभळट डाग पडतात. साधारण आठ ते बारा तासांत ते पक्के होतात, नंतर देह हलवला तरी जागा बदलत नाहीत. लटकलेल्या माणसाच्या पायांत आणि हातांच्या पंजांत ते दिसायला हवेत. पाठीवर दिसले, तर हा माणूस मेल्यावर कितीतरी तास उताणा पडून होता आणि नंतर त्याला टांगलं, एवढं उघड होतं.

रक्ताच्या डागांचंही असंच. ‘मी धावत आलो, तिला कवटाळलं, म्हणून माझ्या शर्टाला रक्त लागलं’ हे उत्तर खरं असू शकतं, आणि बहुतेकदा असतंच. पण कवटाळल्यावर रक्त फासलं जातं, त्याचे ओले, पसरलेले पट्टे उमटतात. बाहीवर, चष्म्याच्या काचेवर, विजारीच्या खालच्या कडेवर बारीक शिंतोडे असतील तर ते रक्त हवेतून उडून आलेलं असतं, आणि ते उडालं तेव्हा हा माणूस जवळ उभा होता. अर्थात जखमी माणूस खोकला तरी असा फवारा उडतो. म्हणून शिंतोड्यांवरून छातीठोकपणे निकाल देणाऱ्या तज्ज्ञांकडे मी जरा सावधपणेच बघतो.

आता घड्याळाकडे. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात २०१५ साली एका नवऱ्याने सांगितलं की मुखवटा घातलेला माणूस घरात शिरला, व्यायामशाळेतून परतलेल्या बायकोला त्याने गोळी घातली आणि मला खुर्चीला बांधून ठेवलं. बायकोच्या अंगावर पावलं मोजणारं छोटं यंत्र होतं. नवऱ्याने खुनाची जी वेळ सांगितली, तिच्यानंतर जवळपास तासभर ते हालचाल नोंदवत होतं. घरात फिरताना ती साडेतीनशे मीटरहून जास्त चालली होती. २०२२ मध्ये नवरा दोषी ठरला, ६५ वर्षांची शिक्षा झाली. दरवाजाचा सेन्सर, वाय-फायचा राउटर, फोन किती वाजता चार्जिंगला लागला याची नोंद, हे सगळं आता कोपराच्या खळगीतल्या पाण्याचं काम करतं.

बोलू न शकणारे

चार महिन्यांचं बाळ पालथंही नीट पडत नाही. मग त्याच्या कानावर वळ कसा आला?

‘पडलं’ हे उत्तर लहान मुलांच्या बाबतीत सगळ्यात सोपं, आणि बहुधा खरंही. चालायला लागलेलं मूल गुडघे, नडगी, कपाळ फोडून घेतंच. म्हणून जखम कुठे आहे आणि मूल त्या वयात काय करू शकतं, या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघायच्या असतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी २०१० मध्ये यासाठी एक सुटसुटीत नियम मांडला: चार वर्षांच्या आतल्या मुलाच्या धडावर, कानावर किंवा मानेवर वळ असेल, किंवा चार महिन्यांच्या आतल्या बाळाच्या अंगावर कुठेही असेल, तर थांबा आणि नीट तपासा. लक्षात घ्या, तपासा. अटक करा असं तो नियम म्हणत नाही. आणि वळ निळा आहे की पिवळा यावरून तो किती दिवसांचा ते सांगता येतं, हा समज कितीही रुजलेला असला तरी त्यावर विसंबता येत नाही.

हे वैद्यकाला फार उशिरा दिसलं. जॉन कॅफी या क्ष-किरणतज्ज्ञाने १९४६ साली सहा अर्भकांबद्दल लिहिलं. मेंदूभोवती जुना रक्तस्राव, शिवाय हातापायांची हाडं मोडलेली, आणि कुणीच सांगत नव्हतं की हे कसं झालं. कुणीतरी मारलंय हे सरळ, नाव देऊन म्हणायला १९६२ उजाडावं लागलं. हेन्री केम्पी आणि सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या मुलांच्या लक्षणांवर निबंध लिहिला आणि पुढच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांनी डॉक्टरांना अशा संशयाची खबर देणं बंधनकारक केलं. मधल्या सोळा वर्षांत क्ष-किरणांचे फोटो तेच होते. आई-बाप असं करतील हे डॉक्टरांच्या मनाला पटत नव्हतं, एवढंच.

आजही संशय असेल तर बाळाच्या सगळ्या हाडांचे फोटो काढतात, आणि साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा काढतात. ताजी चीर, विशेषतः बरगडीच्या मागच्या बाजूची, पहिल्या फोटोत दिसत नाही. हाड सांधायला लागलं की त्यावर गाठ येते आणि मग ती ठळक दिसते. आधीच्या महिन्यांतल्या जखमांचाही हिशेब त्यातून लागतो.

म्हाताऱ्यांचं काय? त्यांच्याकडे तपास यंत्रणेचं लक्ष सगळ्यात कमी. ऐंशीच्या पुढचा माणूस गेला तर कुणाला नवल वाटत नाही. उशीने नाकतोंड दाबल्याच्या खुणा अशा दुबळ्या देहावर जवळजवळ उमटतच नाहीत, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नुसतं धरून उठवलं तरी काळेनिळे डाग पडतात. म्हणजे गुन्हा सुटून जायलाही जागा, आणि प्रेमाने सेवा करणाऱ्या सुनेवर नाहक बालंट यायलाही.

दोन्हीकडच्या चुका

हे बालंट फार दूरवर जाऊ शकतं. १९७२ साली अमेरिकेतल्या एका नामांकित बालरोग नियतकालिकात एक निबंध आला. एकाच कुटुंबात झोपेत अचानक दगावलेल्या बाळांच्या आधारे त्यात मांडलं होतं की श्वास मध्येच थांबण्याचा दोष घराण्यात चालत येतो. निबंध गाजला, बाळांच्या श्वासावर पाळत ठेवणारी यंत्रं घरोघरी गेली. त्या घरात १९६५ ते १९७१ दरम्यान पाच मुलं दगावली होती. पुढे एका न्यायवैद्यक तज्ज्ञ बाईंना ती वर्णनं खटकली, एका सरकारी वकिलाने धागा पकडला, आणि १९९४ मध्ये त्या आईने कबुली दिली. कबुली तिने नंतर नाकारली, तरी १९९५ मध्ये ज्युरीने तिला पाचही मुलांच्या खुनात दोषी ठरवलं. अपील ऐकलं जाण्याआधी ती तुरुंगात वारली.

अशा प्रकरणांतून काही तज्ज्ञांनी धडा घेतला, तो भलताच. एक बाळ गेलं तर शोकांतिका, दोन गेली तर संशय, तीन गेली तर खून, असा हिशेब रूढ झाला.

इंग्लंडमधल्या सॅली क्लार्क या वकील बाईंची दोन बाळं १९९६ आणि १९९८ मध्ये दगावली. खटल्यात एका मान्यवर बालरोगतज्ज्ञाने सांगितलं की अशा घरात दोन बाळं नैसर्गिकरीत्या अचानक जाण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक. हा आकडा कुठून आला? सिगारेट न ओढणाऱ्या, कमावत्या कुटुंबात एक बाळ असं जाण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक धरली, आणि ८,५४३ ला ८,५४३ ने गुणलं. झालं.

यात दोन चुका आहेत. पहिली, गुणाकार तेव्हाच चालतो जेव्हा दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नसतो. एका आईच्या पोटची, एका घरात वाढणारी भावंडं. आनुवंशिक दोष दोघांतही असू शकतो, मग दुसऱ्या बाळाचा धोका वाढलेलाच असणार. दुसरी चूक जास्त फसवी. दोन बाळं नैसर्गिकरीत्या जाणं दुर्मीळ आहे, हे मान्य. पण आईने आपली दोन्ही बाळं मारणं हेही अतिदुर्मीळच. बाळं तर गेलीच आहेत, तेव्हा दोन दुर्मीळ गोष्टींतली कुठली अधिक संभवते ही तुलना हवी होती. ज्युरीपुढे ठेवली गेली एकच बाजू. २००१ मध्ये ब्रिटनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने या आकड्यावर जाहीर आक्षेप घेतला. दुसऱ्या बाळाच्या शरीरात जंतुसंसर्ग असल्याचे तपासणी अहवाल बचाव पक्षाला दिलेच गेले नव्हते, हेही बाहेर आलं. २००३ मध्ये त्या सुटल्या. चार वर्षांनी त्यांचं निधन झालं.

त्याच २००३ साली ऑस्ट्रेलियात कॅथलीन फोल्बिग यांना चार मुलांच्या मृत्यूबद्दल शिक्षा झाली. पुराव्यात त्यांच्या डायऱ्या होत्या, ‘माझंच चुकलं’ अशा अर्थाच्या ओळी असलेल्या. बाळ गमावलेली कुठली आई असं लिहीत नाही? वीस वर्षांनी, त्यांच्या दोन्ही मुलींमध्ये हृदयाच्या ठोक्यांशी संबंधित एका जनुकात दोष सापडल्यानंतर झालेल्या चौकशीतून २०२३ मध्ये त्यांना माफी मिळाली आणि वर्षअखेरीस शिक्षाही रद्द झाली. घरातल्या मृत्यूच्या तपासात दुःखाचा अर्थ लावणं ही सगळ्यात निसरडी जागा आहे. बाई रडली नाही म्हणून संशय, फार रडली म्हणूनही संशय. माणसं आघातात कशीही वागतात, आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.

घरचे गप्प बसले तर

घरात दोघंच मोठे, तिसरं मेलेलं लेकरू. दोघांपैकी एकाने मारलं हे नक्की, कुणी ते कळत नाही, दोघंही तोंड उघडत नाहीत. मग दोघंही सुटणार? अनेक वर्षं इंग्लंडमध्ये असंच होत होतं. २००४ च्या कायद्याने तिथे नवा गुन्हा आणला: घरातल्या मुलाचा किंवा दुबळ्या माणसाचा मृत्यू घडवणं ‘किंवा घडू देणं’. धोका दिसत होता आणि रोखण्यासारखं काही केलं नाही, एवढं सिद्ध झालं तरी पुरतं. कुणी मारलं हे दाखवावं लागत नाही.

भारतात वाट वेगळी आहे. जी गोष्ट एखाद्यालाच विशेषकरून माहीत असते, ती सिद्ध करण्याची जबाबदारी त्याची, असं जुन्या पुरावा कायद्याचं कलम १०६ सांगायचं. तेच आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १०९ झालं आहे. महाराष्ट्रातल्या एका खटल्यात सासरचे म्हणत होते की सुनेला साप चावला. शवविच्छेदनात निघालं की गळा दाबला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये त्यावर म्हटलं की घराच्या आत, गुप्तपणे घडलेल्या गुन्ह्यात सरकारी पक्षाकडून बाहेरच्या गुन्ह्याइतक्या पुराव्याची अपेक्षा धरता येत नाही. घरात राहणाऱ्यांनी काय घडलं याचं पटेल असं उत्तर द्यायला हवं, आणि ते गप्प बसले किंवा खोटं बोलले तर तो पुराव्याच्या साखळीतला आणखी एक दुवा ठरतो. लक्ष ‘आणखी एक’ या शब्दांवर हवं. साखळीच नसेल तर नुसत्या मौनावर शिक्षा होत नाही. या कलमामुळे सरकारी पक्षाची मूळ जबाबदारी टळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्येच सांगून ठेवलं आहे.

जिवंत साक्षीदार

आतापर्यंत मेलेल्यांबद्दल बोललो. पण घरातल्या हिंसेचे बहुतेक बळी जिवंत असतात, आणि तपास तिथेच जास्त वेळा कोलमडतो. पोलीस ठाण्यात रात्री रडत तक्रार देणारी बाई आठ दिवसांनी म्हणते, मी जिन्यावरून पडले. कागदावर ती फितूर. तिच्या जागी बसून पाहिलं तर भाडं कोण भरणार, मुलं कुणाकडे राहणार, आणि तो सुटून आला की काय करेल, हे प्रश्न तिला सरकारी वकिलापेक्षा जास्त जवळचे असतात. कधी प्रेमही असतं, त्याला इलाज नाही. म्हणून बऱ्याच ठिकाणी आता पोलीस असं धरूनच चालतात की ती पुढे साक्ष देणार नाही. मदतीसाठी केलेल्या फोनचं रेकॉर्डिंग, पोलीस पोहोचले तेव्हाचं चित्रीकरण, फुटलेलं दार, शेजाऱ्यांचा जबाब, डॉक्टरांनी तिच्याच शब्दांत लिहून घेतलेली हकीकत, सगळं पहिल्या तासा-दोन तासांत गोळा करायचं. दुसऱ्या दिवशी दार दुरुस्त झालेलं असतं.

यातलं एक लक्षण मात्र कुणीही हलक्यात घेऊ नये: गळा दाबणं. सॅन डिएगोतल्या सरकारी वकिलांच्या कार्यालयात गळा दाबल्याच्या ३०० प्रकरणांचा अभ्यास झाला. निम्म्या बायकांच्या गळ्यावर वरून काहीही दिसत नव्हतं, आणि फोटोत नीट दिसेल अशी खूण फक्त पंधरा टक्क्यांच्या आसपास होती. म्हणून पोलीस लिहीत राहिले: किरकोळ मारहाण. पुढे २००८ मधल्या एका अभ्यासात दिसलं की जोडीदाराने एकदा गळा दाबलेल्या बाईचा त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सुमारे सातपट वाढते. तेव्हा ‘काही लागलंय का?’ एवढं विचारून भागत नाही. आवाज बसलाय का, गिळताना दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी आली का, कपड्यांत लघवी झाली का, हे विचारावं लागतं. शेवटचा प्रश्न विचारायला अवघड, पण बेशुद्धी किती खोल गेली होती ते त्यावरून कळतं. इंग्लंड-वेल्समध्ये जून २०२२ पासून गळा दाबणं हा स्वतंत्र गुन्हाच आहे.

ब्रिटनमधल्या ३७२ खुनांच्या एका अभ्यासात खुनाआधीचा प्रवास टप्प्याटप्प्याने मांडला आहे. मुळाशी मारहाणीपेक्षा नियंत्रण दिसतं: कुणाशी बोलायचं, काय घालायचं, फोन कुणाच्या हातात. ‘मी निघून जाते’ ही ठिणगी. मग पाळत, धमक्या, आणि मारेकऱ्याच्या डोक्यात ठरलेला बेत. ‘रागाच्या भरात हातून घडलं’ या कबुलीवर तपास थांबवायचा नसतो तो याचमुळे. आधीच्या महिन्याभरातला फोन, खरेदी, इंटरनेटवर काय शोधलं, विम्याचे कागद हे सगळं बघावं लागतं.

आणि घरात एखादं मूल असतं, सगळं पाहिलेलं. त्याला कसं विचारायचं हे आता एक वेगळं शास्त्र झालं आहे. ‘बाबांनी आईला मारलं ना?’ असं विचारलं की सहा वर्षांचं मूल मान हलवतं. मोठ्यांना तेच उत्तर हवंय असं त्याला वाटतं. तोच प्रश्न चौघांनी चार वेळा विचारला की न पाहिलेलं दृश्यही त्याच्या आठवणीत जाऊन बसतं, आणि न्यायालयात त्या साक्षीची किंमत शून्य होते. म्हणून एकाच प्रशिक्षित माणसाने, शक्यतो एकदाच, चित्रीकरण करत आणि मोकळ्या प्रश्नांनी विचारायचं. आइसलँडने १९९८ मध्ये यासाठी ‘मुलांचं घर’ सुरू केलं. पोलीस, डॉक्टर, वकील सगळे तिथे येतात, मुलाला ठाण्यात किंवा न्यायालयात जावं लागत नाही. बाकीचे सगळे दुसऱ्या खोलीत पडद्यावर बघत बसतात.

आत एकच माणूस मुलासमोर बसतो. घटनेबद्दल चकार शब्द काढायच्या आधी तो आवडता खेळ विचारतो, शाळेचं विचारतो, आणि मग ठरलेली वाक्यं बोलतो: “मला काही चुकीचं वाटलं आणि मी तसं बोललो, तर लगेच सांग हं, चुकलं म्हणून. एखादी गोष्ट माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हण, चालतं. मी तिथे नव्हतो. तू होतास.”